रोचडेलचं पिल्लू: पंख फुटत असताना दगड झालेला कीटक

इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यात रोचडेल गावाजवळ स्पार्थ बॉटम्स नावाची मातीची खाण होती. कोळशाच्या थरांमधला शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पदराळ दगड, तिथून विटांसाठी खणून काढत. या शेलमध्ये अधूनमधून सिडेराइटच्या, म्हणजे लोहाच्या कार्बोनेटच्या, टणक गुठळ्या लागत. विटा पाडणाऱ्यांच्या दृष्टीने त्या निव्वळ अडचण होत्या. जीवाश्म जमवणाऱ्या हौशी मंडळींना मात्र ठाऊक होतं की गुठळी नेमक्या जागी फुटली तर आत विंचू किंवा हॉर्सशू क्रॅबचा एखादा जुना नातेवाईक पहुडलेला असू शकतो. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बोनिफेरस दलदलीतले हे जीव. त्यातलाच एक नमुना हेन्री वुडवर्ड यांच्याकडे पोचला. १९१३ मध्ये त्यांनी ‘जिऑलॉजिकल मॅगझिन’मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं ‘रोचडालिया पार्करी’. वर्ग लिहिला क्रस्टेशिया, म्हणजे कवचधारी, गट ब्रँकिओपोडा. खेकडे-कोळंबीच्या विस्तीर्ण गोतावळ्यातली ही मुख्यतः गोड्या पाण्यातली शाखा.

वुडवर्ड हे काही नवखे नव्हते. ब्रिटिश म्युझियमचा भूशास्त्र विभाग त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला होता, जीवाश्म कवचधारींवर त्यांचा शब्द प्रमाण मानत, आणि या वेळी त्यांनी ऐंशी ओलांडली होती. तरी नोंद चुकली. रोचडालिया हा कवचधारी नाही, तो कीटक आहे. आणि पूर्ण वाढलेलाही नाही, पंख फुटत असलेलं पिल्लू आहे. हे कळायला ५४ वर्षं गेली. कळल्यानंतर या एका गुठळीने आणि तिच्या भाऊबंदांनी कीटकशास्त्रातल्या एका मोठ्या प्रश्नाला हात घातला: कीटकांना पंख आले ते शरीराच्या कुठल्या भागातून, आणि वाढीच्या कुठल्या टप्प्यावर?

नोंद का चुकली

चूक समजून घेण्यासारखी आहे. आज ‘कीटकाचं पिल्लू’ म्हटलं की डोळ्यांपुढे नाकतोड्याचं किंवा झुरळाचं पिल्लू येतं. त्याच्या पाठीवर मागे वळलेले दोन छोटे खवल्यांसारखे पंखांकुर असतात आणि बाकी शरीर बऱ्यापैकी प्रौढासारखंच दिसतं. रोचडालियाचं रूप या चौकटीत बसत नाही. शरीर चपटं, जवळजवळ अंडाकृती. प्रत्येक खंडाच्या दोन्ही कडांना झालरीसारखे पसरट भाग. छातीच्या खंडांवर हे पसरट भाग मोठे आणि ते मागे वळलेले नाहीत, थेट बाजूला पसरलेले. कवचधारींमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाने अशा आकृतीत कवचधारी पाहिला, यात मला नवल वाटत नाही. उलट त्या काळी तिला कीटकाचं पिल्लू म्हणायलाच धाडस लागलं असतं, कारण त्या काळातल्या कीटकांची पिल्लं कशी दिसतात हे ताडून पाहायला नमुनेच नव्हते.

प्रौढांचे नमुने मात्र होते. फ्रान्समधल्या कोमाँत्री इथल्या कोळशाच्या खाणीतून १९व्या शतकाच्या शेवटी प्रचंड संख्येने कीटकांचे जीवाश्म निघाले आणि शार्ल ब्रोन्यार यांनी त्यांचं वर्णन केलं. (तेव्हा त्या खाणीचा कारभार पाहणारे गृहस्थ म्हणजे आंरी फायोल. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी ज्यांची व्यवस्थापनाची तत्त्वं पाठ केलेली असतात, तेच हे.) त्या ढिगात पॅलिओडिक्टिओप्टेरा या आता नामशेष झालेल्या गणाचे देखणे नमुने होते. शिरांच्या दाट जाळीचे चार मोठे पंख, वनस्पतींचा रस शोषायला लांब चोच, आणि डोक्यामागच्या पहिल्या छातीखंडावर आणखी एक छोटी पंखुली-जोडी. स्टेनोडिक्टिया या कीटकाचं चित्र पाहिलं की सहा पंखांचा कीटक पाहत असल्याचा भास होतो. अशा आईबापांचं पिल्लू कसं असेल, हा प्रश्न १९१३ मध्ये फारसा कुणी विचारलाच नव्हता.

१९६७ मध्ये इयन रोल्फ यांनी रोचडालियाची फेरतपासणी केली. गंमत म्हणजे रोल्फ हेही कवचधारी जीवाश्मांचेच अभ्यासक. हा प्राणी आपल्या गटातला नाही हे त्या गटाच्या जाणकारानेच सांगितलं. ‘पॅलिऑन्टॉलॉजी’मधला त्यांचा लेख शीर्षकातच निकाल देतो: रोचडालिया हे कार्बोनिफेरस कीटकाचं पिल्लू आहे. पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, रॉबिन वूटन यांनी इंग्लंडच्या त्याच काळातल्या थरांमधली पॅलिओडिक्टिओप्टेराची आणखी पिल्लं मांडली. कीटकांचे पंख यांत्रिकदृष्ट्या कसे चालतात यावर पुढे वूटन यांनी मोठं काम केलं. त्यांची नजर या पिल्लांवर पडली हे बरंच झालं. आता तुलना करायला एकाहून जास्त नमुने होते, आणि छातीवरचे ते पसरट भाग म्हणजे वाढीला लागलेले पंख आहेत याबद्दल वाद उरला नाही. या गणाच्या पिल्लांत त्या भागांमध्ये शिरा स्पष्ट दिसतात. नुसत्या झालरीला प्रौढ पंखाच्या नकाशाबरहुकूम शिरा असण्याचं कारण नाही.

आजचं पिल्लू काय करतं

या गुठळीचं मोल कळायला आजच्या कीटकाचा पंख कसा वाढतो ते पाहावं लागतं.

टोळाचं पिल्लू कात टाकत टाकत मोठं होतं आणि दर कातेनंतर त्याचे पंखांकुर थोडे वाढतात. पंखांकुर म्हणजे बाह्य कवचाची चपटी पिशवी, आत पेशींचे दोन थर. ती छातीला घट्ट जोडलेली असते, हलत नाही. शेवटच्या अवस्थेत खरा पंख या पिशवीच्या आत चुण्या पडून वाढतो. शेवटची कात गळते, शरीरातला द्रव दाबाने शिरांमध्ये शिरतो, पंख उलगडतो, ताणला जातो आणि टणक होतो. मग त्याच्या पातळ पडद्यामधल्या बहुतेक पेशी मरतात आणि हलका, कोरडा, उडायला योग्य पंख मागे राहतो. शेवटच्या दोन अवस्थांत टोळाचे पंखांकुर जागच्या जागी उलटे फिरतात, त्यामुळे मागचा पंखांकुर पुढच्यावर येतो. चतुराच्या पिल्लांतही पंखांकुर असे फिरलेले असतात.

थोडक्यात, आजच्या कीटकांत पंखाचं बहुतेक काम अखेरच्या टप्प्यात उरकलं जातं. पिल्लू आणि प्रौढ यांच्यामध्ये एक मोठी उडी असते. फुलपाखरं, भुंगे, माश्या यांच्यात ती इतकी वाढली की मध्ये कोषावस्था आली.

या नियमाला जिवंत जगात एकच अपवाद आहे: मेफ्लाय, पाण्याकाठी दिसणारी नाजूक पंखांची माशी. तिच्या पिल्लाला कात टाकल्यावर पंख फुटतात, ते उडतं, कुठेतरी बसतं आणि पुन्हा एकदा कात टाकतं, तीही पंखांवरून. या मधल्या अवस्थेचे पंख धुरकट, जरा जड असतात, कारण त्यांच्यातल्या पेशी अजून जिवंत असतात. त्याशिवाय नवं आवरण तयार होणार कसं? तर दुसऱ्या टोकाला पुस्तकांतली चंदेरी कसर. तिला पंख मुळातच नाहीत आणि ती प्रौढ झाल्यावरही जन्मभर कात टाकत राहते.

म्हणजे पंख येण्याआधीचा पूर्वज जन्मभर कात टाकणारा असावा आणि आजचा पंखवाला कीटक पंख आले की कात टाकणं थांबवतो. या दोन स्थितींमधला रस्ता कसा पार झाला? रोचडालिया नेमका त्या रस्त्यावर उभा आहे. त्याचे पंखांकुर लहान आहेत, पण प्रौढ पंखाच्या घडणीचे आहेत: बाजूला पसरलेले, शिरा असलेले. पंख शेवटच्या क्षणी घडवायचा ही पद्धत या गणात नव्हती; तो पहिल्यापासून थोडा थोडा वाढत होता.

भांडण सांध्यावरून

इथपर्यंत सगळे एकमत आहेत. पुढचा प्रश्न आला की अभ्यासकांचे तट पडतात: हे पंखांकुर हलत होते का?

१९७८ मध्ये यार्मिला कुकालोव्हा-पेक यांनी ‘जर्नल ऑफ मॉर्फॉलॉजी’मध्ये एक दीर्घ प्रबंध लिहिला. चेकोस्लोव्हाकियातल्या ओबोरा इथल्या पर्मियन, म्हणजे कार्बोनिफेरसच्या लगेच नंतरच्या, थरांतल्या कीटकांवर त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. त्यांचं म्हणणं असं की पॅलिओझोइक काळातल्या (कार्बोनिफेरस आणि पर्मियन दोन्ही यातच मोडतात) पिल्लांचे पंखांकुर छातीला सांध्याने जोडलेले होते, हलत होते. पिल्लातून प्रौढ होताना मोठी उडी नव्हती, छोट्या छोट्या अवस्थांची साखळी होती, आणि या साखळीतल्या शेवटच्या काही अवस्था उडतही असाव्यात. पंखाचं मूळ पाठीच्या पत्र्यात, म्हणजे प्रत्येक खंडाच्या पाठीवरच्या टणक कवचात, शोधू नका, पायाच्या बुडाशी असलेल्या उपांगात शोधा, हेही त्यांनी पुढे जोरात मांडलं.

कल्पना दमदार होती, पण आधार होता त्यांच्या रेखाटनांचा. आणि रेखाटनं, मग ती कितीही कुशल हाताने काढलेली असोत, पाहणाऱ्याचा अर्थ कागदावर उतरवतात. २००८ मध्ये ऑलिव्हिए बेथू आणि डेरेक ब्रिग्ज यांनी गेरारस या दुसऱ्या एका कार्बोनिफेरस कीटकाचे नमुने पुन्हा तपासले आणि आधीच्या अर्थनिर्णयातले काही महत्त्वाचे अवयव दगडात तसे नाहीतच, असं दाखवलं. तो कीटक वेगळा होता, तरी शंकेची सावली एकूण पद्धतीवर पडली. पिल्लांच्या सांध्यांबद्दलचा दावाही मग पुन्हा दगडाकडे जाऊन तपासणं भाग होतं.

सांधा दगडात दिसतो तरी कसा? सिडेराइटची गुठळी मेलेल्या प्राण्याभोवती लवकर तयार होते. जिवाणू शरीर कुजवत असतात, त्यातून निघणारा कार्बोनेट आणि गाळातलं लोह मिळून खनिज घट्ट होतं, आणि वरच्या गाळाचं ओझं वाढायच्या आत आकार साचेबंद होतो. म्हणून या गुठळ्यांतल्या प्राण्याला थोडा उंचसखलपणा राहतो, तो कागदासारखा सपाट होत नाही. पण सांध्यावरचा मऊ पडदा टिकत नाही. टिकते ती त्याची खूण: पंखांकुर आणि पाठीचा पत्रा यांच्यामध्ये एक खोलगट रेघ, कधी दोन छोट्या टणक तुकड्यांमधली फट. आता अशी रेघ साधी भेगसुद्धा असू शकते. मातीच्या दाबाने कवच दुमडलं तरी रेघ पडते. मग ओळखायचं कसं? गुठळी फुटल्यावर ठसा आणि प्रतिठसा असे दोन भाग मिळतात. रेघ दोन्हींत हवी. डाव्या आणि उजव्या बाजूला सारख्याच जागी, सारख्याच वळणाची हवी. प्रकाशाची तिरीप एका कुशीवरून टाकली काय किंवा दुसऱ्या, ती नाहीशी होता कामा नये. एवढ्या चाळण्या लावल्यावर बऱ्याच रेघा गळतात. ज्या उरतात त्यांच्यावर बोलता येतं.

२०१६ मध्ये योआखिम हाउग, कॅरोलिन हाउग आणि रसेल गारवुड यांनी ‘बायॉलॉजिकल रिव्ह्यूज’मध्ये जुन्या-नव्या पिल्लांचा असा आढावा घेतला. नमुने नव्या प्रतिमातंत्रांनी टिपले आणि निष्कर्ष जपून मांडले. पॅलिओडिक्टिओप्टेराच्या आणि त्यांच्या जवळच्या गणांच्या पिल्लांचे पंखांकुर हलत होते, हे त्यांनी मान्य केलं. इतकंच नाही, ती साधी फडफड करत उडू शकत असावीत असंही म्हटलं. पण हे वैशिष्ट्य सगळ्या पंखवाल्या कीटकांच्या पूर्वजाकडून आलेलं की याच गटाने मागाहून कमावलेलं, हे त्यांनी उघडं ठेवलं. पंखांकुर बाजूऐवजी मागे वळणं आणि पंखाची वाढ शेवटच्या अवस्थांत कोंबली जाणं, हे बदल मात्र एकदाच घडले नाहीत. मेफ्लाय, चतुर आणि इतर शाखांमध्ये ते वेगवेगळे घडले, असं त्यांचं म्हणणं. मला या संपूर्ण प्रकरणातलं हे सगळ्यात वजनदार वाक्य वाटतं. आज आपल्याला जी ‘नेहमीची’ वाढ वाटते ती कीटकांनी अनेकदा, स्वतंत्रपणे शोधून काढली.

या निष्कर्षाला एक जुना साक्षीदार आहे. १९६८ मध्ये फ्रँक कार्पेंटर आणि यूजीन रिचर्डसन यांनी अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या मेझन क्रीकच्या गुठळ्यांमधून मिस्कॉप्टेरा डग्लसीचं पिल्लू वर्णिलं होतं. तेही पॅलिओडिक्टिओप्टेराच्या नात्यातल्याच गणाचं, पण त्याचे पंखांकुर तिरपे मागे वाकलेले. एकाच कुळात, जवळपास एकाच काळात, दोन निरनिराळी रूपं.

२०१७ मध्ये सांध्याला थेट हात घातला तो प्रागचे याकुब प्रोकोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ‘करंट बायॉलॉजी’मधल्या लेखात त्यांनी कार्बोनिफेरस पिल्लांच्या पंखांकुरांचं बूड बारकाईने तपासलं. पंखांकुरांच्या जोड्या तीन: पहिल्या छातीखंडावरही एक, प्रौढाच्या त्या छोट्या पंखुल्यांची पूर्वतयारी. प्रत्येक पंखांकुर मधल्या भागात छातीशी सांध्याने जोडलेला, पण पुढच्या आणि मागच्या कडेला पाठीच्या पत्र्याशी सलग, एकजीव. दाराला मधोमध बिजागरी आहे आणि वर-खाली ते चौकटीला चिकटलेलंच आहे, असा हा प्रकार. आजच्या कुठल्याही कीटकात हे पाहायला मिळत नाही, कारण वाढताना पंखांकुर फिरतो आणि त्या फिरण्यात पाठीशी असलेलं हे रुंद नातं तुटत जातं. या मांडणीनुसार टोळाच्या पंखांकुराची ती उलटी गिरकी पुरावा पुसणारी आहे.

पाठ की पाय

पंखाच्या उगमावरचं भांडण शंभर वर्षांहून जुनं. एक पक्ष म्हणतो, पाठीच्या पत्र्याची कड बाजूला वाढली, तिने आधी तरंगायला मदत केली आणि मग ती पंख झाली. दुसरा म्हणतो, पाठीच्या कडेला स्नायू आणि सांधे कुठून येणार? ते पायाच्या बुडाशी असतात; पाण्यातल्या पूर्वजांच्या पायांना कल्ले असत, त्यांतून पंख आला. प्रोकोप यांच्या नमुन्यांत दोन्ही पक्षांना अर्धा अर्धा पुरावा सापडतो. पुढची-मागची सलग कड पाठीची, मधल्या सांध्याचे टणक तुकडे पायाच्या बाजूचे. दोन उगमांतून एक अवयव, ही कल्पना अलेक्झांडर रास्नित्सिन यांनी १९८१ मध्येच सुचवली होती. आता तिला दगड मिळाला.

जनुकांचा अभ्यास करणारे निराळ्या वाटेने याच चौकात पोचले. १९९७ मध्ये मिखालिस आव्हेरोफ आणि स्टीफन कोहेन यांनी दाखवलं की माशीच्या पंखात काम करणारी जनुकं आर्टेमिया या ब्रँकिओपोड कवचधारीच्या पायांवरच्या श्वसनपाळीतही काम करतात. २०२० मध्ये हेदर ब्रूस आणि निपम पटेल यांनी पॅऱ्हायली या कवचधारीतली पायाची जनुकं बंद करून पाहिली आणि मांडलं की कीटकाच्या छातीची भिंत आणि पंख दोन्ही पूर्वजांच्या पायांच्या बुडातल्या, शरीरात सामावून गेलेल्या भागांपासून आले असावेत. तसं असेल तर ‘पाठ की पाय’ हा वादच थोडा चुकीचा ठरतो, कारण आज पाठ म्हणून दिसणारा भाग एकेकाळी पायाचा असू शकतो.

पहिल्या छातीखंडावरच्या तिसऱ्या जोडीचं कोडंही जनुकांनी थोडं सोपं केलं. शॉन कॅरोल यांच्या गटाने १९९५ मध्ये माशीवर दाखवलं की तिथे पंख फुटू न देण्याचं काम एक हॉक्स जनुक, म्हणजे शरीराच्या कुठल्या खंडावर काय घडायचं ते ठरवणाऱ्या जनुकांपैकी एक, करतं. रोचडालियाच्या भाऊबंदांत हा ब्रेक अर्धाच लागत असावा: पंखुली येते, पण मोठी होत नाही आणि उड्डाणाच्या कामाची होत नाही. हा माझा अंदाज. जीवाश्मात जनुकं पाहता येत नाहीत.

आणि वुडवर्ड? आजच्या वंशवृक्षात कीटक कवचधारींच्या फांद्यांमध्येच उगवतात, आणि ब्रँकिओपोडा त्यांच्यापासून फार लांब नाहीत. म्हणून कुणी म्हणेल की म्हाताऱ्याला आतून काही जाणवलं होतं. तसं काही नाही. त्यांनी आकारावरून वर्ग लावला आणि तो चुकला. नातं नंतर निराळ्याच पुराव्यांनी जुळलं.

हलणं आणि उडणं

माझं मत इथे हाउग आणि सहकाऱ्यांपेक्षा जरा सावध आहे. पंखांकुर हलत होते हे मी मान्य करतो. मधला सांधा दोन निरनिराळ्या गटांनी पाहिला आहे आणि तो दोन्ही बाजूंना आहे. पण सांधा असणं म्हणजे उड्डाण नव्हे. पुढची-मागची कड पाठीला चिकटलेली असेल तर पंखांकुर वर-खाली थोडा झुलेल. उड्डाणाला लागणारा पीळ, दर फटकाऱ्यात पंखाचा कोन बदलणं, त्याला कितपत जमेल? उड्डाणाचे स्नायू दगडात नाहीत. पिल्लाचा आकार आणि पंखांकुराचं क्षेत्रफळ यांचं प्रमाणही अनुकूल दिसत नाही, निदान लहान अवस्थांत तरी.

त्याहून मोठी अडचण कातेची आहे. उडणारा पंख हलका हवा, म्हणजे त्यातल्या पेशी मेलेल्या हव्यात. कात टाकणारा पंख जिवंत हवा, म्हणजे त्यात पेशी, द्रव, वजन हवं. शिवाय एवढ्या पातळ, विस्तीर्ण पडद्यावरून जुनं आवरण न फाटता ओढून काढणं हे जोखमीचं काम आहे. मेफ्लाय ते एकदाच करते आणि तिचे पंख तुलनेने साधे असतात. पॅलिओडिक्टिओप्टेराच्या दाट जाळीच्या पंखावरून हे पुन्हा पुन्हा करायचं म्हणजे कठीणच. म्हणून हलणाऱ्या पंखांकुराचा उपयोग उड्डाणाखेरीज काय असेल, याचाही विचार व्हायला हवा: ऊन खाणं, फांदीवरून पडताना दिशा सावरणं, जोडीदाराला वा शत्रूला काही दाखवणं, किंवा पाण्यात श्वसन.

पाण्याचा मुद्दा

हा शेवटचा पर्याय २०२३ मध्ये पुन्हा पुढे आला. प्रोकोप आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या पीसबर्गच्या खाणीतली काटोसॅक्सोनियाप्टेरॉन ब्राउनेरी ही पॅलिओडिक्टिओप्टेराची पिल्लं वर्णिली. छातीवर वाढते पंख आणि पोटाच्या खंडांच्या दोन्ही बाजूंना पाळ्या. या पाळ्या श्वसनाच्या कामाच्या असाव्यात आणि पिल्लं काही काळ पाण्यात, काही काळ बाहेर राहत असावीत, असा त्यांचा कयास. मेफ्लायच्या पिल्लाच्या पोटावरही कल्ले असतात, हे इथे आठवतंच.

रोचडालियाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावायला मी तयार नाही. स्पार्थच्या गुठळीत पिल्लू सापडलं यावरून ते पाण्यात राहत होतं असं ठरत नाही. दलदलीकाठच्या झाडावरचा कीटकही शेवटी पाण्यात पडून गाळात जातो. त्याच खाणीतून विंचूही निघाले आहेत. पोटाच्या कडांच्या झालरी आहेत खऱ्या, पण त्या नुसत्या पसरट कवचाच्या की श्वसनाच्या, हे त्यांच्या पृष्ठभागाच्या बारकाव्यांवर ठरेल. आणि या कुळाच्या प्रौढांची चोच तर झाडावरचाच जीव असल्याचं सांगते.

काय सापडलं तर निकाल लागेल

आतापर्यंतच्या पिल्लांची मोठी उणीव ही की ती वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या जातींची आहेत. लहान पंखांकुराचं एक पिल्लू इंग्लंडचं, मोठ्या पंखांकुराचं दुसरं जर्मनीचं. त्यांना एका माळेत ओवून ‘वाढ अशी होत गेली’ म्हणणं मोहाचं आहे, पण त्यात जातीचा फरक आणि वयाचा फरक एकमेकांत मिसळतात. हवी आहे ती एकाच थरातल्या एकाच जातीची, लहानापासून मोठ्यापर्यंतची रांग. मग पंखांकुराची लांबी छातीच्या लांबीच्या तुलनेत कशी वाढते ते मांडता येईल. आलेख सलग चढला तर हळूहळू वाढ. शेवटी अचानक उसळला तर आजच्यासारखी उडी. २०१२ मध्ये गारवुड आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या माँसो-ले-मिनच्या गुठळ्यांमधली दोन पिल्लं क्ष-किरणांच्या छेदचित्रांनी, दगड न फोडता, त्रिमितीत उभी केली होती. गुठळीत शरीराच्या जागी पोकळी उरली असेल तर हे जमतं, आणि सांध्याची खालची बाजूही पाहता येते, जी फोडलेल्या नमुन्यात बहुधा दगडातच अडकलेली असते.

उडणाऱ्या पिल्लाचा वाद मिटवायला मात्र रांगही पुरणार नाही. त्यासाठी टाकलेली कात हवी. कात आणि मेलेलं शरीर यांत फरक ओळखता येतो: कातेची छाती पाठीवर मधोमध ठरलेल्या रेषेवर उकललेली असते आणि आत काही उरलेलं नसतं. अशी उकललेली छाती, तिच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ प्रौढाएवढे, पूर्ण शिरांचे, सांध्याशी सुटे झालेले पंख, आणि पोटाच्या टोकाला जननांग अजून अर्धवट. एवढं एकत्र एकाच गुठळीत मिळालं, तर पंखांनी उडणारा कीटक त्या काळी कात टाकत होता असं म्हणायला जागा आहे. तोवर रोचडालियाच्या पंखांकुरांबद्दल ‘हलत होते’ इथपर्यंत मी येतो, ‘उडवत होते’ इथपर्यंत नाही.